वर्गात एरर येऊ देऊ नये : नव्या प्राध्यापकांसाठी

अभिनंदन. टाइमटेबल तुमच्या हातात पडलं आहे आणि त्यात दोन विषय आहेत : सी प्रोग्रॅमिंग आणि डीबीएमएस. पहिला तुम्हाला मिळाला, कारण तो सगळ्यांनाच येतो असा समज आहे. दुसरा मिळाला, कारण तो ज्या मॅडमकडे होता त्या राजीनामा देऊन आयटीत गेल्या. आठवड्याला सोळा तासांचा लोड, वीस-वीस पोरांच्या चार बॅचेस, लॅबमध्ये चोवीस पीसी, त्यांतले चालू सतरा. अटेंडन्स, डिफॉल्टर लिस्ट, कोर्स फाईल वगैरे एचओडी समजावतील. मी एकच गोष्ट सांगणार आहे, कारण ती कुणी सांगत नाही आणि पाळतात मात्र सगळे : विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत एरर येऊ द्यायची नाही.

एरर आली की पोरगं विचारतं, "सर, असं का?" त्या 'का'चं उत्तर देण्यात वीस मिनिटं जातात. वीस मिनिटं गेली की युनिट तीन लांबतं, युनिट तीन लांबलं की एक्स्ट्रा लेक्चर घ्यावं लागतं, आणि ते शनिवारी असतं. तेव्हा शनिवार वाचवायचा असेल तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात फळ्यापासून करा. प्रोग्रॅमिंग शिकवायला फळ्याइतकी सुरक्षित जागा नाही, कारण खडूला कंपायलर नसतो. फळ्यावर लिहिलेला प्रोग्रॅम आजवर कधी चुकलेला नाही. कर्निगन आणि रिची यांच्या सीवरच्या पुस्तकात सुरुवातीलाच जगाला नमस्कार घालणारा एक चिमुकला प्रोग्रॅम आहे, तो फळ्यावर उतरवा आणि सोबत खणखणीत आवाजात डिक्टेट करा : "हॅश इन्क्लूड, लेस दॅन, एसटीडीआयओ डॉट एच, ग्रेटर दॅन." माझ्या पहिल्या वर्षीच्या वर्गात एकाने 'ग्रेटर दॅन' हे शब्द अक्षरांत लिहून घेतले होते. सेमिस्टरच्या शेवटी त्याची वही तपासताना ते माझ्या लक्षात आलं. म्हणजे चार महिने तो प्रोग्रॅमिंग शिकत होता आणि चार महिन्यांत त्याने एकही प्रोग्रॅम चालवून पाहिला नव्हता. बाकी वही सुरेख होती. मी सही केली.

लॅबमध्ये मात्र मशीन असतं, तिथे जपून. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला अजून टर्बो सीची निळी स्क्रीन भेटेल. ही बोर्लंड कंपनीची वस्तू तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठी आहे, कदाचित तुमच्यापेक्षाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचा प्रोग्रॅम चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून नव्या पीसीला जुन्या पीसीचं सोंग घ्यायला लावायचं आणि त्या सोंगाच्या आत एकविसाव्या शतकातल्या मुलांना सी शिकवायची. 'व्हॉइड मेन' लिहायचं. १९८९ च्या प्रमाण सीमध्ये 'इंट मेन' असलं तरी. 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' हे देव्हाऱ्यातले दोन टाक प्रत्येक प्रोग्रॅमच्या आरंभी आणि शेवटी मांडायचे. ते प्रमाण सीचा भाग नाहीत हे सांगायची गरज नाही. ओरलला 'गेटसीएच कशाला?' असं विचारलं की "आउटपुट थांबवायला, सर" हे उत्तर येतं आणि ते बरोबर असतं. 'व्हॉइड कशाला?' असं विचारलं की "ते तसंच असतं, सर" हे उत्तर येतं. तेही एका परीने बरोबरच.

फॅक्टोरियलच्या प्रॅक्टिकलला विशेष काळजी घ्या. इनपुट पाच द्यायचा. पाचाचं फॅक्टोरियल १२०. महाराष्ट्रात पाचाखेरीज दुसऱ्या कुठल्या संख्येचं फॅक्टोरियल काढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण प्रत्येक बॅचमध्ये एक नतद्रष्ट असतो, तो आठ टाकून बघतो. टर्बो सीत इंट दोन बाइटांचा असतो, ३२७६७ च्या पुढे त्याला जागा नाही. आठाचं फॅक्टोरियल ४०३२०. ते त्या दोन बाइटांत मावत नाही आणि स्क्रीनवर उगवतं उणे २५२१६. पोरगं हात वर करतं. धन संख्यांचा गुणाकार उणे कसा आला?

इथेच तुमची परीक्षा आहे. खरं उत्तर द्यायला गेलात तर बाइट म्हणजे काय, चिन्हाचा बिट कुठे बसतो, ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की नेमका हाच आकडा कसा येतो, हे सगळं फळ्यावर मांडावं लागेल. शेजारच्या पीसीवरची पोरं खुर्च्या सरकवत येतील. कुणीतरी म्हणेल, 'लाँग' करून बघू. मग बारा टाकून बघू. मग तेरा टाकल्यावर तोही फुटेल आणि आरडाओरडा होईल. त्या दिवशी जर्नलमध्ये काहीही लिहून होणार नाही. म्हणून अनुभवी प्राध्यापक म्हणतात, "पाच टाक ना. पाच टाकलं की येतंय ना?"

एक गोष्ट तुम्ही खुशाल विचारू शकता : आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय बरोबर किती? हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पेपरात येतो आणि लोकल ऑथरच्या पुस्तकात त्याचं उत्तर आकड्यात दिलेलं असतं. प्रमाण सी म्हणते की अशा पदावलीचं वर्तन ठरलेलंच नाही. एक कंपायलर एक आकडा देईल, दुसरा दुसरा देईल आणि दोघेही निर्दोष. म्हणजे ज्या प्रश्नाला भाषेतच उत्तर नाही, त्याला आपल्याकडे दोन मार्क आहेत.

आता डीबीएमएस.

सुरुवात एडगर कॉडपासून करायची असते. ऑक्सफर्डला गणित शिकलेला, महायुद्धात विमान चालवलेला हा माणूस आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत होता. १९७० मध्ये त्याने एक शोधनिबंध लिहिला. माहिती डिस्कवर कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला कळायची गरज पडू नये, त्याने फक्त काय हवं ते सांगावं, असा त्याचा साधा आग्रह होता. हा आग्रह वर्गात समजावायला एक तास पुरतो आणि तो समजला तर निम्मा विषय समजतो. पण पेपरात येतात ते कॉडचे बारा नियम, १९८५ चे. तेव्हा तेच पाठ करून घ्या. ते शून्यापासून बारापर्यंत मोजलेले असल्याने भरतात तेरा. इतकी वर्षं शिकवतोय, एकाही विद्यार्थ्याने हे मोजून मला विचारलेलं नाही. पाठांतराची ताकद यापेक्षा वेगळी काय सांगू?

टेबल कुठलं घ्यायचं हा प्रश्नच नाही. एम्प आणि डेप्ट. ऑरॅकलबरोबर वर्षानुवर्षं आलेली ही दोन टेबलं. लॉगिन स्कॉट, पासवर्ड टायगर. कंपनीतल्या सुरुवातीच्या एका प्रोग्रॅमरचं आडनाव स्कॉट होतं आणि टायगर हे त्याच्या घरच्या मांजराचं नाव. एम्पमध्ये चौदा माणसं. किंग हा प्रेसिडेंट, पगार ५०००. स्मिथ हा क्लार्क, १९८० च्या डिसेंबरात लागलेला, पगार ८००. आजही ८००. एकही वेतन आयोग त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. तुम्ही तासिका तत्त्वावर आला असाल तर स्मिथबद्दल तुम्हाला माया वाटेल, तो माणूस आपला आहे.

ही टेबलं ज्याने कुणी भरली तो शिक्षक असला पाहिजे, असं मला नेहमी वाटतं. चौदा ओळींत त्याने इतके खड्डे खणून ठेवलेत की एक अख्खं सेमिस्टर त्यांत पडायला पुरावं. तुमचं काम विद्यार्थ्यांना त्या खड्ड्यांवरून उचलून नेण्याचं.

उदाहरणार्थ कमिशनचा कॉलम. चौदांपैकी चौघांनाच तिथे आकडा आहे : ३००, ५००, १४०० आणि टर्नरला शून्य. बाकी दहा जणांना नल. कमिशनची सरासरी काढली की ५५० येते. एखादी चौकस पोरगी बेरीज २२०० भागिले चौदा करते आणि विचारते, १५७ का नाही आले? कारण टर्नरचा शून्य मोजला जातो, नल मोजलाच जात नाही. टर्नर सेल्समन आहे, त्याला या खेपेला कमिशन मिळालं नाही. स्मिथ सेल्समनच नाही, त्याच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. हा फरक आपल्याला व्यवहारात रोज कळतो. गैरहजर पोराला शून्य मार्क देऊन बघा, त्याची आई दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर. मग पगार अधिक कमिशन अशी क्वेरी लिहिली की दहा माणसांची बेरीजच गायब होते. आणि ज्यांच्या हाताखाली कुणी नाही असे कर्मचारी शोधायला 'नॉट इन' लिहिलं की नो रोज सिलेक्टेड. खरं तर असे आठ जण आहेत. पण किंगला साहेब नाही, त्याच्या मॅनेजरच्या रकान्यात नल आहे, आणि तो एक नल आठही जणांना गिळतो.

हे सगळं प्रात्यक्षिकात आलं तर मुलं जन्मात विसरणार नाहीत. म्हणून स्लाइडवर एक ओळ टाका : 'नल म्हणजे अननोन व्हॅल्यू', आणि पुढच्या स्लाइडवर जा.

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली, ती इथे कबूल करतो, म्हणजे तुम्ही सावध व्हाल. बी-बॅच होती, दुपारी तीनचं प्रॅक्टिकल. दिवाळी तोंडावर होती म्हणून प्रोजेक्टरवर स्वतः टाइप करत म्हणालो, चला, स्मिथचा पगार हजार करू. अपडेट एम्प, सेट सॅल बरोबर १०००. बोलण्याच्या नादात 'व्हेअर' राहिला. सेमिकोलन दिला, एंटर दाबला. स्क्रीनवर आलं : फोर्टीन रोज अपडेटेड.

किंगचा पगार हजार. स्मिथचाही हजार. एका ओळीत क्रांती. वर्गात एकदम शांतता, कारण सरांचं काहीतरी फसलंय हे पोरांना वासावरून कळतं. मी गांगरलो. डोक्यात एकच : आधी बॅकअप. आणि मी सगळ्यांदेखत टाइप केलं, क्रिएट टेबल एम्प बॅक ॲज सिलेक्ट स्टार फ्रॉम एम्प. टेबल क्रिएटेड. बिघडलेल्या डेटाचा मी अत्यंत व्यवस्थित बॅकअप घेतला होता.

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, रोलबॅक करा ना." ती कधी बोलायची नाही. मी रोलबॅक दिला. रोलबॅक कम्प्लीट असं उत्तर आलं. जीव भांड्यात पडला. सिलेक्ट करून बघितलं तर चौदाच्या चौदा हजारांवर.

कारण ऑरॅकलमध्ये 'क्रिएट टेबल' दिलं की आधीचं सगळं गुपचूप कमिट होतं. हे मला माहीत होतं. मागच्याच आठवड्यात मी ते स्लाइडवर शिकवलं होतं, डीडीएल इज ऑटो कमिट, आणि पोरांनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. त्या दिवशी साडेपाचपर्यंत कुणी घरी गेलं नाही. कमिट कधी होतं, रोलबॅक कुठपर्यंत मागे नेतो, सेव्हपॉइंट कशाला, बाहेर पडताना एक्झिट दिलं तर काय होतं. एकेक करून पाहिलं. त्यांनीच विचारलं, त्यांनीच करून बघितलं, मी नुसता खुर्चीत बसलो होतो. जर्नलमध्ये त्या दिवशीचं पान कोरं राहिलं आणि एचओडींनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. त्या बॅचमधली पोरं अजून कुठेतरी स्टेशनवर भेटली की म्हणतात, "सर, व्हेअर." बाकी मी काय शिकवलं ते एकालाही आठवत नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा स्लाइडवर आलो.

तुम्हाला स्वतःचं टेबल बनवायची हौस असेल तर एक पथ्य पाळा : डेटा असा भरा की चुकीच्या क्वेरीनेही उत्तर बरोबर यावं. डेप्टमध्ये चार विभाग आहेत आणि चाळीस नंबरच्या ऑपरेशन्समध्ये एकही माणूस नाही. त्यामुळे विभागवार माणसं मोजायला साधा जॉइन लावला की चारऐवजी तीनच ओळी येतात आणि आउटर जॉइनची वेळ येते. तुमच्या टेबलात प्रत्येक विभागात दोन-दोन माणसं टाका. साधा जॉइन, लेफ्ट जॉइन, काहीही लिहा, आउटपुट सारखं. सगळे पास. पवईच्या आयआयटीत मात्र याच्या उलट उद्योग चालतो. तिथल्या एस. सुदर्शन यांच्या गटाने एक्सडेटा नावाची प्रणाली तयार केली, आणि ती विद्यार्थ्याची क्वेरी चुकली असेल तर ती उघडी पडेल असाच डेटा मुद्दाम बनवते. हे तेच सुदर्शन, ज्यांचं नाव सिल्बरशाट्झ आणि कोर्थ यांच्यासोबत डीबीएमएसच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पुस्तकावर आहे. ते पुस्तक तुमच्या लायब्ररीत आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी करू नका.

नॉर्मलायझेशन तर अजिबात समजता कामा नये. त्यासाठी आर ऑफ ए, बी, सी, डी, ई असं रिलेशन घ्या. ए वरून बी ठरतो, बीसी वरून डी ठरतो, कॅन्डिडेट की शोधा, दहा मार्क. ए म्हणजे कोण, बी म्हणजे कोण, असं विचारणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. चुकूनही वाण्याच्या उधारीच्या वहीचं उदाहरण देऊ नका. ती वही अशी असते : दर ओळीला तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, विंग, फोन, माल, भाव. कुलकर्णी काकू बी विंगमधून सी विंगमध्ये राहायला गेल्या की चाळीस ओळींत विंग बदलावी लागते, वाणी एकोणचाळीसच बदलतो, आणि काकूंची तूरडाळ एकदा बी विंगमध्ये जाते. नवीन भाडेकरू आला, फोन देऊन गेला, पण अजून काही नेलं नाही तर त्याला लिहायचं कुठे? आणि एखाद्याने हिशेब चुकता केला म्हणून पान फाडलं की त्याचा फोन नंबरही पानाबरोबर गेला. हे सांगितलंत की पोरं आपणहून म्हणतात, सर, गिऱ्हाइकांची वही वेगळी करू या. तीन मिनिटांत ती थर्ड नॉर्मल फॉर्मपाशी पोचतात आणि तुमच्याकडे युनिटचे उरलेले सात तास शिल्लक राहतात. त्यांचं काय करणार?

आता जर्नल. हा या विषयांचा आत्मा. एम, टायटल, थिअरी, प्रोग्रॅम, आउटपुट, कन्क्लूजन. कन्क्लूजन नेहमी एकच : "अशा प्रकारे आम्ही अमुक यशस्वीरीत्या राबवले." अयशस्वीरीत्या काही राबवल्याची नोंद मला एकाही जर्नलात आढळलेली नाही. जर्नल सीनियरकडून येतं, झेरॉक्सच्या दुकानातून जातं. एकदा झेरॉक्सवाल्याने पानं उलटसुलट लावली आणि अर्ध्या बॅचच्या प्रोग्रॅममध्ये लूप आधी आणि मेन नंतर आलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. न्यूझीलंडमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन या शिक्षकांनी २००६ मध्ये प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि मुलांना त्या क्रमाने लावायला सांगायचं, असा सराव मांडला. नवशिक्याला कोऱ्या पानाची भीती वाटते, ती त्याने कमी होते. म्हणजे आमच्या झेरॉक्सवाल्याने अर्धं काम करून दिलंच होतं. "आता हे नीट लावा" एवढं म्हणायचं मी विसरलो.

हल्ली चॅटजीपीटी आल्यापासून झेरॉक्सवाल्याचा धंदा बसला आहे. कोड येतो तो स्वच्छ, कॉमेंटसकट, एरर नावालाही नाही. इतकी वर्षं आपण जे साधू पाहत होतो ते आता फुकट मिळतं. फक्त ओरलला अशा पोराला चालता प्रोग्रॅम समोर ठेवून "यात कुठे एक गोष्ट बदललीस तर हा मोडेल?" असं विचारू नका. मी विचारलं होतं. पोरगं बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "सर, मोडायचा कशाला?" एक्सटर्नलनी मान डोलावली आणि त्याला अठरा दिले.

उद्या तुमची पहिली बॅच आहे ती कोपऱ्यातल्या लॅबमध्ये. सात नंबरच्या पीसीचा कीबोर्ड सेमिकोलन उमटवत नाही, तो टाळा. सर्व्हरवर स्कॉट-टायगरने लॉगिन होईल. एम्प मी नंतर पुन्हा भरून ठेवलंय, किंग पाच हजारांवर, स्मिथ आठशेवर. शेजारी एम्प बॅक दिसेल. त्यात चौदा माणसं आहेत, सगळी हजारांवर. ते डिलीट करू नका.